डाव्या पंखाची पट्टी

१२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मंगळवारी दुपारी पावणेपाच वाजता माझं आयुष्य बदललं. वेळ पक्की सांगतो, कारण तेव्हा मी शिडीवर उभा राहून दुकानातल्या घड्याळाची काच पुसत होतो आणि फडकं काट्यांवरच थांबलं. हसू नकोस. भावोजींना वाचून दाखवू नकोस.

ग्रंथालयात पुस्तकांवर तारखेचे शिक्के मारणारी जी मुलगी आहे, जिच्यापायी मी तीन महिने एकही पान न उलटता पुस्तकं नेतो आणि आणतो, ती स्वतःच्या पायांनी आमच्या फ्रेमच्या दुकानात आली. तिच्या हातात पुठ्ठ्याच्या पाकिटात एक फोटो होता. दुकानवाल्या काकांनी सवयीनं मोजपट्टी घेतली, कोणत्या रुंदीची चौकट हवी म्हणून विचारलं. ती म्हणाली, फोटोला चौकट नको, फोटोतलं विमान हवंय. लाकडाचं करा, टिनाचं करा, पण हेच हवं आणि काचेच्या पेटीत हवं. काका म्हणाले, आम्ही तसबिरी मढवतो बाई, विमानं नाही बांधत. तेवढ्यात शिडीवरून मी बोलून बसलो, की होईल. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी कॉलेजात लॅबचं दार आपटून काच फोडली तेव्हा तू पाहिलं होतंस. ती गेल्यावर म्हणाले, आधी चार कोपरे काटकोनात जुळव, मग आकाशात जा.

आता खरी गोष्ट. ते युद्धातलं लढाऊ विमान आहे, एकाच माणसानं बसायचं. आत बसलेला वैमानिक म्हणजे तिचे वडील. दुरुस्त झालेलं विमान तपासायला वर नेलं आणि मिनिटाच्या आत कोसळलं. ती तेव्हा तीन महिन्यांची होती. चौकशीत ठरलं, की घरावरून जाताना शायनिंग मारायला त्यांनी इतक्या खाली विमान उलटं केलं. विमानतळाच्या फाटकाशी दगड आहे ना, नावं कोरलेला? त्यावर त्यांचं नाव नाही. शाळेत हिला पोरं कोलांटीवाल्याची म्हणून चिडवायची. हे सगळं तिनं मला असं सांगितलं जसं कोणी पत्ता सांगतं. मला त्या पोरांची नावं हवी होती, एकेकाला गाठून कानाखाली काढायला. तीस एप्रिलला तिची आई पन्नाशी पूर्ण करते, त्या दिवशी द्यायचं आहे.

फोटो त्याच सकाळचा आहे, शेवटचा. विमानाचं नाक समोर, आत ते हसतायत. आणि कडेला एक मेकॅनिक अर्धाच आलाय. तोंड कापलं गेलंय, फक्त खांदा आणि वर केलेला डावा अंगठा. त्या हाताच्या तर्जनीला वरचं पेर नाही.

ताई, आपल्या बाबांच्या डाव्या तर्जनीला वरचं पेर नाही.

मी शिडीवरून पडायचाच राहिलो. बाबांनी त्या विमानावर काम केलंय! तिच्या वडिलांना शेवटचा अंगठा दाखवणारा माणूस माझा बाप निघावा, याला तू काय म्हणशील? मी तर ठरलेलं लग्न म्हणतो.

माया आहेच, ती पत्राच्या उत्तरातून दिसावी.

तुझा,
ठिणगी

---

१९ फेब्रुवारी

चि. ठिणगी यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझ्या भावोजींना वाचून दाखवलं नाही, त्यांनी स्वतःच वाचलं आणि दिवसभर घड्याळाकडे बघून हसत होते. तुला एक सांगते. मुलगी दुकानात येते ती चौकटीसाठी, लग्नासाठी नाही. कॉलेज सोडताना म्हणाला होतास, की आता हाताचं काम मन लावून करीन. मन लागलंय खरं, पण कुठे ते दिसतंच आहे. दुकानाचं दार तरी नीट लाव. त्याला सगळी काचच आहे.

थट्टा पुरे. तो फोटो बाबांना दाखवू नकोस.

कारण विचारू नकोस. त्यांना त्या दिवसांबद्दल बोललेलं चालत नाही. तू पाळण्यात होतास, मी आठ वर्षांची. आई गेल्यापासून ते घरात चार शब्द बोलत असतील तर त्यातले दोन चहाबद्दल असतात, ते तसंच राहू दे. विमान कर, सुंदर कर. तुझ्या हातात कला आहे हे मी नेहमी म्हणते, डोक्यात काय आहे ते म्हणत नाही. पण ते दुकानात कर, घरी आणू नकोस.

मला पाचवा लागलाय. पाय सुजतात, बाकी ठीक. मामा होणाऱ्यानं आता तरी शहाणं व्हावं, हाच आशीर्वाद आणि हीच विनवणी.

तुझी,
ताई

---

१० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा हुकूम उशिरा पोचला. फोटो मी त्याच संध्याकाळी दाखवला होता. माझ्या पोटात काही राहतं का?

बाबांनी तो खिडकीपाशी नेला आणि बराच वेळ पाहिला. मी विचारलं, हा तुमचाच हात ना? ते म्हणाले, हो. मग फोटो पालथा ठेवला आणि दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी मी मागच्या खोलीत लाकूड कोरत बसलो होतो, तर दारात उभे, हातात त्यांची जुनी हत्यारपेटी. म्हणाले, पंख धडाला असा चिकटत नाही, वाकून येतो. सरक.

तेव्हापासून रोज! ताई, तुझा विश्वास बसणार नाही, बाबा बोलतात. धड आम्ही दोन अर्ध्या भागांत कोरलं, आतून पोखरलं, पॉलिशकागदानं इतकं घासलं की गालाला लावावंसं वाटावं. पंखांची टोकं धरली तर हातभर भरतं. पत्र्यावरच्या रिव्हेटांचे ठिपके कसे काढले असतील? मोडक्या घड्याळातलं दातेरी चाक काडीला बसवलं आणि रंगावरून फिरवलं, युक्ती त्यांची. वैमानिकाच्या बैठकीवरचं पारदर्शक झाकण मी तापवलेल्या सेल्युलॉइडचं ओढलं. अकरा वेळा जळलं, बाराव्यांदा असं उतरलं की बाबा अरे वा म्हणाले. मला लहानपणापासून त्यांनी अरे वा म्हटल्याचं आठवत नाही. तुला आठवतं?

एकच विचित्र सवय. मी टेबल भिंतीला लावून बसतो आणि विमानाचं नाक माझ्याकडे असतं, उजेड तसाच येतो. बाबा मात्र दरवेळी ते फिरवून शेपटाकडूनच पाहतात. जागा नसली तर टेबल ओढतात. मी म्हटलं, तोंड पाहायचं सोडून पाठ काय बघता? तर म्हणाले, तसंच बघतात.

मी तिला सांगून टाकलं, की तो हात माझ्या बाबांचा. ती रविवारी घरी आली. बाबांनी तिला खुर्ची दिली आणि स्वतः अख्खा वेळ उभे राहिले, बस म्हटलं तरी बसेनात. तिनं विचारलं, माझे वडील कसे होते? बाबा म्हणाले, विमानातून उतरल्यावर ते आधी मेकॅनिकचं नाव विचारायचे आणि मग ते विसरायचे नाहीत. तिनं रुमाल काढला. मग तिची एक मागणी. विमान नुसतं उभं नको, वळताना हवं, डावीकडे. त्यांचं घर धावपट्टीच्या डाव्या अंगाला होतं, आणि ते रोज उडाल्यावर डावीकडे वळून छपरावरून जायचे, तिची आई अंगणात येऊन उभी राहायची. म्हणून आतल्या छोट्या वैमानिकाच्या हातातला विमान वळवायचा दांडा मी डावीकडे कलता कोरलाय.

धडाचे दोन भाग जोडण्याआधी आतल्या भिंतीवर मी पेन्सिलीनं एक ओळ लिहिली. असं करतात म्हणे कारागीर. काय लिहिलं ते विचारू नकोस, आता विमान फोडल्याशिवाय ते कोणाला वाचता येणार नाही.

पाय सुजतात तर उंच ठेवून बस. रागावली असशील तर तोही आशीर्वादच समजतो.

तुझा,
ठिणगी

---

१६ मार्च

चि. ठिणगी यास,
आशीर्वाद.

बाबा बोलायला लागले हे वाचून मला रडू आलं, आणि तू समजतोस त्या कारणानं नाही.

माझं ऐक. हे काम इथेच थांबव. त्या मुलीला फोटो परत दे, सांग जमत नाही. थोडी लाज जाईल, जाऊ दे. तिला पुन्हा घरी आणू नकोस. बाबांना मायेनं मागच्या खोलीतून बाहेर काढ. मी आले असते, पण डॉक्टरांनी प्रवास बंद केलाय.

एकदाच, आयुष्यात एकदाच मोठ्या बहिणीचं मुकाट्यानं ऐक. दुसरं काही मागत नाही.

ताई

---

२ एप्रिल

ती. ताईस,
नमस्कार.

तुला काय माहीत आहे ते मला सगळं लिही. आडून आडून नको.

परवा दुपारी बाबा जरा आडवे झाले होते, तेव्हा मी पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या चिकटवल्या. तुला कळावं म्हणून सांगतो, बाबांनी मला असं शिकवलं: वैमानिकानं दांडा डावीकडे केला की डाव्या पंखाची पट्टी वर उठते, उजव्याची खाली जाते, आणि विमान डावीकडे कलतं. सोपं आहे. मी नेहमीसारखं नाक समोर घेऊन बसलो, माझ्या डाव्या हाताची पट्टी वर केली, उजव्या हाताची खाली, सरस लावला, वर पिना टोचल्या. सुकून दगड झालं. मी खूश.

बाबा उठून आले. टेबल ओढलं, शेपटाकडे गेले आणि पाहिलं. मग अगदी हळू विचारलं, चिकटवताना कुठे बसला होतास? मी म्हटलं, इथेच, नाकासमोर, आणखी कुठे बसणार? आणि म्हणता म्हणताच माझ्या लक्षात आलं. समोरून पाहिलं की माझं डावं ते विमानाचं उजवं. दांडा डावीकडे आणि उठलेली पट्टी उजव्या पंखाची. हे विमान घराकडे वळायला जाईल आणि भलत्याच अंगावर पडेल.

चूक माझीच. पण माझा स्वभाव तुला ठाऊक आहे, चूक माझी असली की आवाज आणखी चढतो. मी ओरडलो, की बोटभर पट्टी आहे, पातं घालून काढतो, एवढं तोंड पांढरं करायला काय झालं? आणि दार आपटून गेलो. चौकात पोचेपर्यंत राग उतरला. परत आलो तर बाबा जमिनीवर बसलेले, पाठ टेबलाच्या पायाला. मला पाहून म्हणाले, मीही नाकासमोरच उभा होतो.

एवढंच. त्यानंतर दोन दिवस शब्द नाही. चहाबद्दलचे दोनही नाहीत.

मी फोटो काढून पुन्हा पाहिला. अंगठा वर केलेला माणूस विमानाच्या नाकासमोर उभा आहे. मला काय वाटतंय ते मी लिहिणार नाही, कारण लिहिलं की ते खरं होईल. मी चुकीचा विचार करतोय एवढं लिही. तेवढं लिहिलंस तर जन्मभर तुझं ऐकेन.

ठिणगी

---

८ एप्रिल

चि. ठिणगी यास,
आशीर्वाद.

तू चुकीचा विचार करत नाहीयेस.

त्या दिवशी बाबा भर दुपारी घरी आले. मी पलंगाखाली सागरगोटे शोधत होते, त्यांना दिसले नाही. त्यांनी आईला सांगितलं आणि मी ते पलंगाखालून ऐकलं. त्या विमानाच्या दांड्यापासून पट्ट्यांपर्यंत जाणाऱ्या तारा गोळीनं तुटल्या होत्या. बाबांनी नव्या घातल्या. बैठकीखाली दोन टोकं असतात, दिसायला अगदी एकसारखी, त्यांची अदलाबदल झाली. तशी चूक कोणाच्याही हातून होते, म्हणून तर उडण्याआधी तपासणी असते. वैमानिक आत बसून दांडा हलवतो, मेकॅनिक शेपटामागे उभा राहून पट्ट्या बघतो. त्या दिवशी शेपटाला खेटून इंधनाचा ट्रक उभा होता. बाबा पुढे जाऊन उभे राहिले. वैमानिकानं दांडा डावीकडे केला, बाबांच्या डाव्या हाताची पट्टी वर उठली, त्यांनी अंगठा दाखवला. मेकॅनिकनं अंगठा दाखवला की वैमानिक पुन्हा विचारत नाही. तशी रीतच होती.

बाबा चौकशीला जाऊन सांगणार होते, टोपी हातातच होती. आईनं दार अडवलं. म्हणाली, तो गेला, आता तू गेलास तर या दोघांना मी काय सांगू? तुला उचलून तिनं त्यांच्या हातात दिलं. बाबांनी टोपी खुंटीला अडकवली, ती पुन्हा कधी घातली नाही. चौकशीवाल्यांनी त्यांना फक्त विचारलं, की यंत्र ठीक होतं का. ते हो म्हणाले.

बावीस वर्षं मी हे कोणाला बोलले नाही. मला चांगलं म्हण, वाईट म्हण. पण आता माझं ऐक. पातं घालून पट्ट्या काढ, सरळ करून चिकटव, पेटीत ठेव, देऊन टाक. मेलेला माणूस परत येत नाही. म्हातारा बाप अजून आहे. आणि तुझं त्या मुलीवर खरंच प्रेम असेल तर विचार कर, हे कळल्यावर ती तुझ्या तोंडाकडे तरी बघेल का? तुझं नाक, तुझी हनुवटी, सगळं बाबांचंच आहे.

मी स्वार्थी बोलतेय, मला कळतंय. माझ्या पोटात मूल आहे, त्याला आजोबा हवेत, तुरुंगातले नकोत.

बहिणीवर राग धरू नकोस, एवढी ओवाळणी दे.

ताई

---

२१ एप्रिल

चि. यास,
आशीर्वाद.

एका घरात राहून पत्र लिहितो आहे, याचं तुला हसू येईल. समोर बोलायला घेतलं की उठून जातो. कागदावर हात चालतो.

ताईनं तुला लिहिलं आहे. तिचं पत्र तू टेबलावरच ठेवलंस, मी पाहावं म्हणूनच ठेवलंस असं समजतो. तिनं सगळं बरोबर लिहिलं आहे. एक दुरुस्ती. तुझ्या आईनं दार अडवलं हे खरं, पण ती बाई माझ्या खांद्याएवढीही नव्हती. बाजूला करता आली असती.

तू गेले वीस दिवस पट्ट्यांना हात लावला नाहीस. सरळ केल्या नाहीस आणि पेटीही पुरी केली नाहीस. मधूनच ग्रंथालयात जाऊन येतोस आणि पडून राहतोस. हे मी ओळखतो. असंच सुरू होतं. आधी वीस दिवस, मग बावीस वर्षं.

पट्ट्या तशाच ठेव. तू चुकून ते विमान त्या सकाळी होतं तसंच केलं आहेस. झाकणाची उजवी कड किंचित उचलली आहे, तिथे लांबी भरून घे. काचेची पेटी उद्या पुरी कर. वाढदिवसाला द्यायचं नाही, त्या बाईंचा तो दिवस आपण नासवायचा नाही. त्याआधी जाऊ. मी येतो. तुझ्या मागून नाही, पुढे चालेन.

मुलगी तुला गमवावी लागेल. त्याबद्दल माफी मागायला माझ्याकडे शब्द नाहीत.

तुझे,
बाबा

---

२५ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल जाऊन आलो. तुझं मी ऐकलं नाही, हे आधी लिहितो. वीस दिवस मला काहीच ठरवता येत नव्हतं. मधल्या काळात मी चारदा ग्रंथालयात गेलो, चारदा शिक्का मारून घेतला, ती दरवेळी विचारायची, विमान कुठवर आलं? मी म्हणायचो, रंग सुकतोय.

त्यांचं घर वरच्या मजल्यावर, दोन खोल्या. खिडकीपाशी टाइपरायटर, वर कापडी झाकण, तिची आई टायपिंगची कामं घेते. दाराशेजारच्या टेबलावर मी पेटी ठेवली आणि वरचं कापड काढलं. पेटी आदल्या दिवशी घाईनं पुरी केली होती, पुढच्या काचेच्या कडेला लांबीचा लगदा भरायचा राहिला होता, हात लागला की ती थरथरायची. तिची आई काचेवर वाकली. मग म्हणाली, अगदी तेच आहे, नाकावरचा हा तेलाचा डाग सुद्धा. आणि माझ्या डोक्यावर हात ठेवायला निघाली. बाबा म्हणाले, थांबा. आधी ऐकून घ्या.

त्यांनी दोघींना शेपटामागे उभं केलं. दांडा दाखवला, मग पट्ट्या. ट्रक कुठे होता, स्वतः कुठे उभे होते, काय पाहिलं, काय दाखवलं, सगळं क्रमानं सांगितलं, जसं कामाच्या वहीत लिहितात. रडले नाहीत. माफीही मागितली नाही. शेवटी म्हणाले, त्यांनी कोलांटी मारली नाही. ते घराकडे वळत होते.

खाली रस्त्यावर कोणी सायकलची घंटी वाजवत होतं, वाजवतच होतं. मग तिच्या आईनं एकच विचारलं, की त्यांना कळलं होतं का?

ताई, हे तुलाही माहीत नसेल, पलंगाखाली हे तुला ऐकू आलं नसावं. बाबा म्हणाले, हो. उजवा पंख पडायला लागला तसा त्यांनी दांडा आणखी डावीकडे दाबला असणार, कोणीही तेच करेल, त्यानं पंख आणखी पडला. पण अगदी शेवटी तो पंख परत वर यायला लागला. मी धावपट्टीवरून पाहिलं. म्हणजे त्यांना उमगलं, की सगळं उलटं आहे, आणि त्यांनी हात उलटा फिरवला. एवढ्या वेळात ते उमगणं शक्य नसतं, त्यांना उमगलं. आणखी दोन माणसांइतकी उंची असती तर ते उतरले असते. चौकशीत मला हे कोणी विचारलं नाही, आणि मी बोललो नाही.

तिची आई खुर्चीवर बसली. म्हणाली, बावीस वर्षं मी त्याच्याशी भांडतेय. पोरीला ताप आला की भांडले, छप्पर गळलं की भांडले, कशाला मिरवायला गेलास म्हणून. ती सगळी भांडणं आता मी कुठे परत करू? हे तिनं बाबांना विचारलं असं नाही, पण खोलीत दुसरं कोणी उत्तर देण्यासारखं नव्हतं.

मग ती उठली. टाइपरायटरवरचं कापड काढून तिनं त्याची नीट घडी केली. कागद घेतले, मध्ये कार्बन घातले, सरळ करून रुळावर चढवले आणि बाबांना म्हणाली, आता पहिल्यापासून परत सांगा, सावकाश. दगडवाल्यांना एक प्रत, चौकशीवाल्यांना एक, एक मला.

बाबा सांगत गेले, ती टाइप करत गेली. आपल्याच नवऱ्याचं मरण, ताई, समास सोडून. एकदा तिच्याकडून अक्षर चुकलं, तर तिनं खोडलं नाही, तिन्ही कागद काढले आणि नवे घातले. बाबांना पाणी आणून दिलं, तेही तिनंच.

मुलगी त्या सगळ्या वेळात खिडकीकडे तोंड करून उभी होती. मी जवळ गेलो. तिनं वळून न बघता विचारलं, तुला कधी कळलं? मी म्हटलं, तीन आठवडे झाले. ती म्हणाली, म्हणजे चार शिक्के. मला बाबांचा राग यायचा ना, की बावीस वर्षं गप्प राहिले? माझे तीन आठवडे त्याच जातीचे होते, फक्त लहान. ती म्हणाली, तुझ्या बाबांचं मी समजून घेईन कदाचित, म्हातारी होईपर्यंत. तुझं नाही. आणि म्हणाली, पुस्तक राहिलंय तुझ्याकडे एक, ते दुसऱ्या कोणाच्या हाती पाठव.

विमानाच्या आत काय लिहिलंय ते आता सांगून टाकतो, तू विचारलं नाहीस तरी. मी लिहिलं होतं, की मी रोज तुझ्या घराकडे वळेन. ते तिथेच आहे, उलट्या पट्ट्यांच्या विमानात, सरसानं बंद.

बाबांचं पुढे काय होईल माहीत नाही. कागद आज टपालात पडले. आज सकाळी त्यांनी चहा स्वतः केला आणि मला विचारलं, साखर किती. तू रागावली असशील. राग असू दे, पण पत्र थांबवू नकोस. तुझ्या बाळाला आजोबा कुठे आहेत ते सांगायची वेळ आली, तर ते शेपटामागे उभे राहिले असं सांग.

तुझा,
ठिणगी

ता. क. दाराचं लिहायचं राहिलं, आणि तू तेच विचारशील. मी निघालो तेव्हा बाबांचं सांगणं अजून चाललं होतं, सांगता सांगता ते ट्रकपर्यंत आले होते. माझ्या अंगात इतकं पेटलं होतं की ते दार बिजागरीसकट हातात आलं असतं. पण पेटी दाराशेजारीच होती आणि पुढची काच लांबीशिवाय. मी बाहेर आलो, दाराची मूठ फिरवून धरली, कडी जागेवर बसेपर्यंत सोडली नाही. काच हलली नाही. आत टाइपरायटर चालू होता. मी दार लावलं.